लढाई मिटल्याचा निरोप

शीतल खडकमाळच्या शाळेत शिकवायची. उन्हाळ्याची सुट्टी लागली की असली सरकारी कामं मास्तरांच्याच गळ्यात पडतात, तशी यंदा घरमोजणी तिच्याकडे आली होती. गावातली घरं मोजून झाली होती. यादीत उरली ती ओढ्यापलीकडची जुनी वस्ती. कागदावर वस्तीच्या नावापुढे एकच शब्द होता, बेचिराख, म्हणजे ओसाड. तिथं खरंच कुणी राहत नाही, एवढं डोळ्यांनी बघून यायचं होतं.

वाट दाखवायला कोंडीबा आले होते. सत्तरीचा माणूस, गुडघे पार गेलेले. ओढ्याच्या काठी ते बाभळीखाली टेकले.

"तुमी व्हा म्होरं, मॅडम. मी हितंच बसतो."

दुपार कलली होती. सीताफळीच्या झुडपांतून पडक्या भिंतींचे ढिगारे डोकावत होते. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. शीतल परत फिरणार, तोच तिला वास आला. पावसात भिजून कधीच न वाळलेल्या गोधड्यांचा कुबट वास. भर वैशाखात.

ढिगाऱ्यांच्या मागं एकच घर छपरासकट उभं होतं. उंबऱ्यात एक म्हातारी सुपात ज्वारी निवडत बसली होती. कामावर आलेलं कुठलं तरी मजुराचं कुटुंब असेल, असं शीतलला वाटलं. तिनं वही उघडली.

"आजी, नाव काय तुमचं?"

"खतीजाबी."

"किती दिवस झाले इथं?"

"चार रोज. आमी हितले न्हाई, बाई. घर गावात हाय आमचं. लढाई लागली म्हनून निघालो."

आत अंधार होता. त्यात गुडघ्याला गुडघा लावून माणसं बसलेली दिसत होती, पण कुणीच हलत नव्हतं. एका लेकराला खोकला आला आणि तोंडावर हात दाबावा तसा तो मधेच तुटला.

टीव्हीवर आठवडाभर सीमेवरच्या गोळीबाराच्याच बातम्या होत्या. कुणीतरी उगीच घाबरवलं असेल बिचाऱ्यांना, शीतलच्या मनात आलं.

"लढाई थांबली, आजी. कालच बातमी आली."

म्हातारीचा हात सुपात थांबला.

"मिटली? बराबर ठाव हाय तुमाला?"

"हो. मिटली."

"आमाला कुनी सांगितलंच न्हाई..." ती हळू म्हणाली. "मंग घरी जावं का आता?"

"जा की. घाबरायचं काही कारण नाही."

आतून एकदम खूप जणांनी श्वास सोडल्यासारखा आवाज आला.  पुढचं काही न विचारता ती झपाझप ओढ्याकडे आली. काठावरून तिनं मागं वळून पाहिलं. छप्पर कुठंच नव्हतं.

म्हातारीचं नाव ऐकताच कोंडीबांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

"काय सांगितलं तुमी तिला?"

"लढाई मिटली... घरी जा म्हणून."

 ते खाली बघतच सांगू लागले.

"अठ्ठेचाळीस सालची गोष्ट. निजामाचं राज्य बुडायलं होतं. आधी आमची मानसं जीव घेऊन पळाली. मंग भारताची फौज आली अन् मुसलमानांची पळाली. खतीजाबीचं कुटुंब त्या वस्तीत लपलं. चार-पाच दिवसांत लढाई मिटली. ते कुठं हायेत ते एकट्या माझ्या बापाला ठाव होतं. निरोप त्यानंच द्यायचा होता."

"मग?"

"गेला न्हाई. घर चांगलं होतं त्येंचं... पाऊस लागला, पटकीची साथ आली. भ्यानं कुनी भायेर निघालं न्हाई. समदे तिथंच गेले." त्यांनी काठीवर भार देऊन उठायचा प्रयत्न केला. "मरताना बापानं सांगितलं मला. त्येंच्या गावातल्या त्या घरात मी जन्मलो, मॅडम. आजबी तिथंच ऱ्हातो."

दिवस मावळताना दोघं गावात पोचले. कोंडीबांच्या घराचं दार लोटलेलं होतं. अंगणात भांडी, पेट्या, अंथरुणं व्यवस्थित मांडून ठेवली होती आणि त्यांची बायको मिराबाई पेटीवर शांत बसली होती.

"काहून सामान काढलंस?" कोंडीबांनी विचारलं.

"घरवाले आले ना," ती म्हणाली, जणू त्यात नवल काहीच नव्हतं. "बाई लई चांगली हाय. म्हनली, सावकाश काढा, घाई न्हाई. तुमच्या बापाचं इचारत होती."

"बापाचं?"

"मी म्हनलं, ते जाऊन चाळीस वर्सं झाली. तर म्हनली, न्हाई, ते तिकडंच हायेत. रोज सांजच्याला आमच्या उंबऱ्यासमोर येऊन उभे ऱ्हातात. कायतरी सांगायला तोंड उघडतात... पन आवाज निघत न्हाई."

 कोंडीबा काठी टेकत, आल्या वाटेनं, एकटेच ओढ्याकडे चालू लागले. शीतलनं हाक मारली, पण ते वळले नाहीत.

मागं घराची कडी कुणीतरी आतून हळूच लावून घेतली.