टेकडीशी वळलेल्या होड्या

ओदिलिया केलेनचं ऑफिस म्हणजे लारान्तुका गावातल्या घराची मागची पडवी. कंपनी दूरच्या बांडुंग शहरातली, पण तिला इमारत अशी नव्हतीच. सगळे आपापल्या गावी बसून काम करत. फ्लोरेस बेटाच्या या टोकाला मासेमारीच्या होड्यांवर कंपनीच्या लहान पेट्या बसवलेल्या होत्या. होडी कुठे आहे आणि तळाखाली किती पाणी आहे, एवढं पेटी कळवत राही. पुढे खडक असला की सर्व्हर पेटीला इशारा पाठवी. तो सर्व्हर ओदिलिया सांभाळायची. कोळ्यांना तिचं नावही ठाऊक नव्हतं.

त्या दुपारी जेवण उरकून ती कामाला बसली, तर नकाशावर होड्यांचे ठिपके थेट बाजारपेठेच्या डोक्यावर.

नकाशा सरकला असेल म्हणून तिने गावासमोरच्या सामुद्रधुनीतल्या ओळखीच्या होड्या पाहिल्या. त्या जिथल्या तिथे होत्या. मग तिने या नव्या पेट्यांचे क्रमांक तपासले. त्या क्रमांकांच्या पेट्या अजून बनायच्याच होत्या. तरीही प्रत्येक निरोपावर कंपनीची गुप्त खूण बिनचूक होती. ती खूण ओदिलियानेच घडवलेली. बाहेरच्याला जमण्यातली नव्हती.

तिने दादानला फोन लावला. कंपनी त्याची; सगळे त्याला 'कांग', म्हणजे थोरला भाऊ, म्हणत.

"कांग दादान, जमिनीवरून होड्या चालल्यात."

"सुट्टी घे."

"चेष्टा नाही करत. खूण खरी आहे."

"अगं बाई, मासेमारी खात्याची माणसं आत्ता इथे येऊन बसतील. त्यांना भर रस्त्यात होड्या दाखवू? पुसून टाक ते ठिपके."

"त्यांत माणसं असली तर?"

"रस्त्यावर? दिलिया, पुसून टाक आणि गार पाणी पी."

तिने पुसले नाहीत. ती पाण्याची खोली बघत बसली. गोदीपाशी खोली सर्वांत जास्त होती. चर्चच्या चढावर थोडी कमी. शाळेच्या वळणावर आणखी कमी. गावातला चढ न् चढ ती पायांनी ओळखत होती, आणि आकडे नेमके त्या चढांनीच उथळ होत होते. जणू सगळं गाव तळाशी होतं आणि होड्या वरून, शिस्तीत, एकामागून एक घरी निघाल्या होत्या.

समोर तिच्या घरामागची टेकडी होती. प्रोग्रामच्या लेखी टेकडी म्हणजे जमीन, खडक नव्हे. त्यामुळे इशारा जाणारच नव्हता.

"नोना," अंगणातून हाक आली. तिकडे तरण्या पोरींना 'नोना'च म्हणत. शेजारची तान्ता, म्हणजे मावशी, गोरेती तिथे भाजलेले मक्याचे दाणे दगडाने चेपत बसली होती. "हे ऊन बघ गं कसं हलतंय."

ओदिलिया बाहेर आली. भिंतीवर, जमिनीवर, तान्ताच्या पांढऱ्या केसांवर उन्हाची जाळी लहरत होती. नितळ समुद्राच्या तळाशी लहरते तशी. वारा नव्हता, तरी दोरीवरचे कपडे सावकाश एकाच बाजूला कलत होते.

मग अंगणातून एक लांबट सावली सरकत गेली. होडीची, दोन्ही अंगांना उलांडीचे वासे असलेली. वर निळं, मोकळं आकाश होतं.

तान्ताने छातीवर क्रुसाची खूण केली. ओदिलियाला भीती वाटायला हवी होती. पण देवळात शिरताना व्हावं तसं तिचं मन नुसतं गप्प झालं.

ती पळत आत गेली. फोन वाजत होता, दादानचाच. तिने तो उचलला नाही. हाताने इशारा लिहिला: पुढे खडक, डावीकडे वळा.

पाठवला.

ठिपके क्षणभर तसेच पुढे सरकले. मग पहिला डावीकडे वळला. त्यामागून दुसरा. मग सगळेच, टेकडीला वळसा घालून.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी, कुठल्या काळात कोण जाणे, तिचं ऐकलं होतं.

शेवटची होडी मात्र वळली नाही.

तिने पुन्हा इशारा पाठवला. होडीखालचं पाणी कमी झालं. आणखी कमी. मग काहीच उरलं नाही.

ठिपका विझला.

टेकडीकडून दबका आवाज आला. लाकूड दगडावर घासावं तसा, पण कानात पाणी गेल्यावर ऐकू येतो तसा.

"नोना, ते काय गं?"

ओदिलिया पुन्हा बाहेर आली. नारळाच्या शेंड्यांहून उंचावरून एक रबरी चप्पल खाली येत होती. पडत नव्हती. डुलत, थबकत, उलटीसुलटी होत उतरत होती. जमिनीला टेकली तेव्हा थोडी धूळ उठली, आणि ती धूळही बराच वेळ खाली बसेना.

अंगणात आणखी एक सावली आली. होडीची नव्हती. तिला दोन हात होते, पसरलेले.

तान्ताने मक्याची टोपली उचलली, ओदिलियाने दगड आणि पाट बाजूला ओढले. अंगण मोकळं करून त्या भिंतीशी उभ्या राहिल्या, आणि वर बघू लागल्या.