बत्तीस शेळ्यांची कबुली

शनिवारी सकाळी साडेसातला अश्लेषाचा फोन वाजला. पलीकडचा आवाज संतापलेला होता.

“पोरी, मी खोटारडी हाय असं कुणी लिहिलं? आन् त्ये बी माज्याच नावानं?”

धुरपताबाई बोलत होत्या. भूमजवळच्या एका वाडीवर शेळ्या राखायच्या. आदल्याच दिवशी संध्याकाळी अश्लेषाने त्यांचा निरोप शेळीकट्ट्यावर टाकला होता. एक शब्द नीट कळला नाही म्हणून तिने त्यांना फोन केला होता, म्हणून तिचा नंबर त्यांच्याकडे होता.

शेळीकट्टा म्हणजे शेळीवाल्यांचं संकेतस्थळ. कुणी आजार विचारायचं, कुणी बोकड विकायचं. तीन वर्षांपूर्वी तिथे तीनशे माणसं होती, आता चाळीस हजार. माणसं वाढली तसे कट्टा सांभाळणारे पाच मॉडरेटरही फुगले. पूर्वी ते ‘नम्र विनंती’ लिहायचे. आता ‘आदेशावरून’ लिहीत. तीन महिने खपून त्यांनी तेवीस नियम केले होते आणि घटना लिहिल्याच्या थाटात ते फिरत होते. अश्लेषा त्यांतली पाचवी, सगळ्यांत नवी. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी., धाराशिवच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. ‘एक शिकलेली मुलगी असावी’ म्हणून तिला घेतलं होतं. तिचं मत मात्र अजून कुणी विचारलं नव्हतं.

तिने कट्टा उघडला. तिने टाकलेला मजकूर पुसला गेला होता, पण तिच्याकडे त्याची प्रत होती:

‘बाजारातून बोकड आणला. त्यानंतर आठ दिवसांत शेळ्यांच्या डाव्या मानेला गाठी आल्या. ताप आहे, चारा सोडलाय. शेजारच्या दोन वाड्यांवरही तेच आहे. बाजारातून जनावर आणताना जपा.’

हे सहा वाजून दहा मिनिटांनी. सहा पंचावन्नला धुरपताबाईंच्याच नावाने दुसरा मजकूर आला होता:

‘मघाशी लिहिलेलं खोटं आहे. माझ्या बत्तीस शेळ्यांपैकी एकही आजारी नाही. बालाजी दलालावर राग होता म्हणून लिहिलं. माफी असावी.’

त्याखाली शिव्यांचा पाऊस. आणि रात्री नऊ वाजता अध्यक्षांचा शिक्का: ‘नियम सात, खोटी अफवा. सदस्यास बंदी. कायमस्वरूपी बंदीचा निर्णय रविवारी सायंकाळी पाचच्या बैठकीत.’

“मावशी, हे तुम्ही बोलला नाहीत ना?”

“म्या कशाला बोलू? शेळ्या हितं कण्हत्यात. माजी दोन बोकडं ठरली व्हती, गिऱ्हाईकानं सकाळीच न्हाय म्हणून सांगितलं. हापशावर बाया तोंड फिरवायल्या. सत्तर वर्सं झाली, मला कुणी लबाड म्हणलं नव्हतं.”

“तुम्ही कट्ट्याला कळवलं का?”

“बोलून धाडलं की. बंदीवाल्याचं ऐकत न्हाईत म्हणं.”

तो नियम अकरा होता.

*

कट्ट्याचं कार्यालय धाराशिवला, कैवल्यच्या कॉम्प्युटर क्लासच्या वरच्या खोलीत. कैवल्य तिथला तांत्रिक प्रमुख. ही पदवी त्याने स्वतःच घेतली होती.

“तो मजकूर कुणी टाकला, ते सिस्टिमला कळेल?” अश्लेषाने विचारलं.

“नाही.”

“का?”

“आपले निम्मे मेंबर टाईप करत नाहीत. ते आवाज पाठवतात, आपण त्यांच्या नावाने लिहितो. ‘सेवक’ खात्यातून. खातं एक, पासवर्ड एक, माणसं पाच.”

“कुणी कधी लिहिलं याची नोंद?”

“ठेवत नाही. जागा खाते.”

“आणि मूळ आवाज?”

“लिहून झाला की पुसतो.” त्याने खुर्ची गर्रकन फिरवली. “म्हणजे मॅडम, संशयितांत तुम्हीपण आलात.”

“हो. शुक्रवारी सात वाजता तुम्ही कुठं होतात?”

“खाली क्लास घेत होतो. वीस पोरं साक्षीला आहेत.”

“मोबाईल?”

“खिशात.”

म्हणजे वीस पोरांची साक्ष कुचकामी. अश्लेषाने ती तिथेच खोडली. जे काम खिशातल्या मोबाईलवर दोन मिनिटांत होतं, त्याला हजेरीचा पुरावा लागू पडत नाही.

अध्यक्ष नारायणराव तुळजापूरचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी फोनवर आधी नियमावलीच्या छपाईबद्दल सांगितलं. कागद जाड घ्यायचा होता.

“सर, त्या बाईंना फोन करून विचारलंत का?”

“विचारायचं काय? लेखी कबुली आहे.”

“पण त्यांना लिहिताच येत नाही.”

“तो मुद्दा नियमात येत नाही, बाळ.”

बालाजी भूमच्या बाजारातला शेळ्यांचा दलाल, मॉडरेटरांत सगळ्यांत तोंडाळ. कबुलीने त्याचाच फायदा झाला होता. नियमांच्या बैठकीत तो फक्त चहा यायच्या वेळी जागा असायचा. शनिवारी तो कोर्टाच्या कामाला धाराशिवला आला होता.

“माझ्यावर संशय आहे ना? सगळ्यांचाच आहे,” तो म्हणाला. “म्या कशाला लिहू? म्हातारीला मी तिथंच चार शिव्या दिल्या असत्या, माझ्या नावानं.”

“ते पटतं.”

“आन् बत्तीस म्हणं. बाजारात वीस वर्सं झाली मला. खंडीभर हायत, दीड खंडी हायत, असंच ऐकलंय. असा हिशेबी कबुलीजबाब पहिल्यांदा बघितला.”

खंडी म्हणजे वीस, हे अश्लेषाला ठाऊक होतं. बाकी तिने नुसतं वहीत लिहून घेतलं.

राहिला शिवराज. नळदुर्गला त्याचं जनावरांच्या औषधांचं दुकान. डॉक्टर नव्हता, पण ‘डॉक्टर’ म्हटल्यावर मान हलवायचा, आणि मोटारसायकलच्या पुढच्या काचेवर लाल फुली रंगवून घेतली होती. तो नियमावलीची मुद्रितं तपासायला कार्यालयात आला होता. कट्ट्यावर त्याचं वजन होतं. गोड बोलायचा आणि इंग्रजी नावांची औषधं सुचवायचा.

“नियम सात माझाच,” तो म्हणाला. “आजाराच्या अफवांनी बाजार बसतो, अश्लेषाताई. शिस्त पाहिजे.”

“गाठी कशाच्या असतील, डॉक्टर?”

“शेळ्या आजारीच नाहीत ना. बाईंनीच लिहिलंय.”

“समजा असल्या तर?”

“तर बाजारातला संसर्ग. बोकडाबरोबर आला असणार.”

“तुम्ही पाहून याल?”

“भूमकडं वर्षभर पाऊल टाकलं नाही मी. वेळ कुणाला आहे?”

*

रविवारी पहाटेच्या एसटीने अश्लेषा भूमला गेली. तिथून वाडीपर्यंत टमटम. धुरपताबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या, हातात कडुनिंबाची डहाळी.

शेळ्या खरोखर आजारी होत्या. मान तिरकी धरून उभ्या. अश्लेषाने एकेक गाठ चाचपली. कुठे लिंबाएवढी, कुठे आवळ्याएवढी. सगळ्या डाव्या बाजूला, जवळपास एकाच जागी. तिने फोटो काढले आणि बोट पुढे करून शेळ्या मोजायला लागली.

धुरपताबाईंनी तिचा हात खाली ओढला.

“बोट करून मोजू नगं. दिष्ट लागती.”

“मग तुम्ही कशा मोजता?”

“नदर टाकली की कळतंय कोण आलं न्हाय त्ये. आकडा कशाला पायजे? आमी कुणालाबी सांगत न्हाय. सुनंलाबी सांगितला न्हाय म्या.”

अश्लेषा थबकली. काल बालाजीने बोलता बोलता सांगून टाकलेली गोष्ट तिला आत्ता कळली.

तिने हात पाठीमागे घेतले आणि डोळ्यांनीच मोजलं. दोनदा. चौतीस.

मग तिला दुसरी गोष्ट दिसली. बहुतेक शेळ्यांच्या शिंगावर हिरव्या रंगाचा पट्टा होता. दोघींच्या शिंगावर नव्हता, आणि नेमक्या त्या दोघी मजेत पाला खात होत्या. मानेला गाठ नाही.

“हा रंग कशाचा, मावशी?”

“सुई दिली त्येची खूण. सरकारी डॉक्टर आलता, आंत्रविषाराची लस द्यायला. पैसे घिऊन गेला. बोकड आणला त्येच्या दुसऱ्याच दिशी.”

“या दोघींना नाही दिली?”

“त्या तवा लेकीकडं व्हत्या. तिचं पोरगं आईचं दूध पीत न्हाय. परवा आणल्या.”

“डॉक्टरांचं नाव?”

“न्हाय इचारलं. गाडीवर तांबडी फुली व्हती.”

अश्लेषाने वही मिटली. “मावशी, माझ्याबरोबर धाराशिवला येता?”

“तिथं जाऊन काय करू? माजं ऐकत न्हाईत त्ये.”

“आज ऐकतील.”

*

पाच वाजता बैठक सुरू झाली. नारायणरावांनी आधी स्वागताचं भाषण केलं. ऐकायला तीनच माणसं होती, तीही नेहमीचीच. अश्लेषा उशिरा आली आणि दाराशी उभी राहिली.

“विषय एक,” नारायणराव म्हणाले. “सदस्या धुरपताबाई यांच्यावर कायमस्वरूपी बंदी.”

“त्याआधी मला दहा मिनिटं पाहिजेत,” अश्लेषा म्हणाली. “ती कबुली धुरपताबाईंची नाही. ती या खोलीतल्या एका माणसाने लिहिलीय.”

“नियमावलीत अशा आरोपाची—” नारायणराव पानं उलटू लागले.

“राहू द्या सर. सापडायचं नाही.” ती पुढे आली. “कबुलीत लिहिलंय, ‘माझ्या बत्तीस शेळ्या’. शेळ्या राखणारा माणूस आकडा सांगत नाही. सांगितला की दृष्ट लागते, असं मानतात. बालाजीभाऊ, बरोबर?”

“बरोबर. त्येच काल म्हणत व्हतो.”

“म्हणून कबुली तुम्ही लिहिलेली नाही. तुम्ही लिहिली असती तर आकडा टाकला नसता. टाकलाच असता तर ‘दीड खंडी’ म्हटलं असतं. लिहिणाऱ्याला ही रीत माहीत नव्हती. आता तो आकडा. धुरपताबाईंकडे शेळ्या चौतीस आहेत. मी सकाळी मोजल्या.”

“म्हणजे आकडा चुकला,” कैवल्य म्हणाला. “कुणीही ठोकून दिला असेल.”

“असं असतं तर ‘पन्नास’ लिहिलं असतं, ‘वीस’ लिहिलं असतं. बत्तीस हा आकडा ठोकून दिलेला नाही. तो मोजलेला आहे, पण एका ठरावीक दिवशी. चौतीसपैकी बत्तीस शेळ्यांच्या शिंगांवर हिरवा पट्टा आहे. लस टोचल्याची खूण. दोघी त्या दिवशी लेकीच्या घरी होत्या. म्हणजे धुरपताबाईंकडे बत्तीस शेळ्या आहेत असं जगात एकाच माणसाला वाटतं. सुया मोजून पैसे घेणाऱ्याला.”

शिवराज मुद्रितं चाळत होता. त्याने मान वर केली नाही.

“आता आजार. बत्तीसही जणींना गाठ डाव्या मानेला, एकाच जागी. बाजारातून आलेला रोग डावं-उजवं बघत नाही. सुई टोचणारा माणूस बघतो; त्याचा हात बसलेला असतो. लस न घेतलेल्या दोघी परवाच आल्या, त्यांना रोग अजून लागला नसेल असंही कुणी म्हणेल; म्हणून एवढ्यावर मी थांबले नाही. येताना शेजारच्या दोन वाड्यांवर गेले. तिथं कुणी बाजारातून बोकड आणलेला नाही. पण हिरव्या पट्ट्याच्या शेळ्यांना गाठी आहेत आणि त्याच गोठ्यातल्या बिनपट्ट्याच्या शेळ्या ठणठणीत आहेत. एकच घाणेरडी सुई शेकडो मानांत गेली. धुरपताबाई बाजाराला दोष देत होत्या, त्याची त्या माणसाला भीती नव्हती. भीती होती ती ‘शेजारच्या दोन वाड्यांवरही’ या शब्दांची. वाड्यांनी एकमेकींशी बोलायला सुरुवात केली असती, तर तिन्हीकडं कोण येऊन गेलं हे कुणीतरी विचारलंच असतं.”

“हे सगळे तर्क आहेत,” शिवराज शांतपणे म्हणाला.

“हो. तुम्ही म्हणालात भूमकडं वर्षभर गेला नाहीत.”

“नाहीच गेलो.”

अश्लेषाने दार उघडलं. धुरपताबाई आत आल्या. खुर्च्यांकडे, नियमावलीच्या गठ्ठ्याकडे, मग एकेका चेहऱ्याकडे पाहत त्या शिवराजपाशी थांबल्या.

“ह्येच की त्ये सरकारी डॉक्टर. गाडी खाली लावलीय बगा.”

शिवराज उठला, बसला, पुन्हा उठला.

“लस बर्फात ठेवली होती मी,” तो म्हणाला. “रस्त्यात थोडा उशीर झाला असेल.”

“आणि सुई?” अश्लेषाने विचारलं.

शिवराज टेबलावरची मुद्रितं गोळा करू लागला.

“ह्याला कट्ट्याबाहेर काढला पायजे,” बालाजी म्हणाला. “माझ्या नावावर बिल फाडत होता भामटा.”

नारायणरावांनी चष्मा पुसला. त्यांना वेगळीच चिंता होती.

“तेवीस नियम आहेत. मॉडरेटरवर कारवाई कुणी करायची, याचा नियमच नाही. आपण असं करू. प्रकरण सामोपचाराने मिटवू. बाईंनी बंदी उठवण्यासाठी अर्ज द्यावा, आपण सहानुभूतीपूर्वक विचार करू.”

“अर्ज?” धुरपताबाई म्हणाल्या. “गुरुजी, लिवता येत न्हाय म्हणून तर माज्या नावानं दुसऱ्यानं लिवलं. आता माफीबी मीच मागू व्हय?”

अश्लेषा कॉम्प्युटरपुढे बसली होती. सगळी हकीकत तिने एसटीतच लिहून ठेवली होती: फोटो, हिरवे पट्टे, कुणी लिहिलं आणि का.

“प्रसिद्ध करायला तीन मतं लागतात,” नारायणराव घाईने म्हणाले. “नियम चार.”

“माझं एक,” अश्लेषा म्हणाली.

“माझं घ्या,” बालाजी म्हणाला.

मग सगळे कैवल्यकडे पाहू लागले. तांत्रिक प्रमुखांनी पंख्याकडे पाहिलं, शिवराजकडे पाहिलं, समोर उभ्या म्हातारीकडे पाहिलं, आणि शेवटी कोपर टेबलावरून न उचलता दोन बोटं वर केली.

मजकूर गेला. चार मिनिटांनी पहिला फोटो आला. कुणाच्या तरी गोठ्यातली शेळी, शिंगावर हिरवा पट्टा, डाव्या मानेला गाठ. मग दुसरा, लातूरच्या बाजूचा. मग एकदम सात. परवाच्या शिव्यांखालून आता माना वर येत होत्या, एकेक करून, सगळ्या डावीकडून फुगलेल्या. शिवराज दाराकडे सरकला. बालाजी त्याच्या आधी दारात जाऊन उभा राहिला.

धुरपताबाईंनी पडद्याजवळ वाकून पाहिलं. अक्षरं त्यांना कळत नव्हती, शेळ्या कळत होत्या.

“गुरुजी,” त्या म्हणाल्या, “आता ह्या सगळ्यांस्नी बंदी घाला.”