धुळीच्या कणाएवढा ग्रह

"चपला!"

त्याने माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द. कोण, कुठल्या, काही नाही, थेट चपला! भर दुपारी मी वेधशाळेच्या घुमटात चुकून शिरले होते. दुर्बिणीखाली एक उंच मुलगा पाठीवर पडून, हातातला रबरी फुगा दाबत कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर हवा मारत होता.

"बाहेर काढा. धूळ येते," तो म्हणाला, आणि मग ओशाळून, "म्हणजे... प्लीज."

तो दुर्बीण सांभाळणारा तंत्रज्ञ. सगळे त्याला फुंकर म्हणायचे. मी पीएचडीची विद्यार्थिनी, तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. त्यानंतर काही ना काही निमित्त काढून मी रोज घुमटात जायला लागले. अनवाणी, अर्थातच.

"आज काय हवंय?" तो विचारायचा.

"काही नको. थोडी धूळ आणलीय. तुम्हाला काम नको का?"

हसताना तो आधी खाली बघायचा. मला ते फार आवडायचं, पण हे मी स्वतःशीही कबूल करत नव्हते.

रोज संध्याकाळी, तारे उगवायच्या आधी, तो घुमट उघडून नुसत्या आकाशाचे फोटो काढायचा. त्यांना आम्ही फ्लॅट म्हणतो. एकसारख्या उजेडात काचेवरचा कणन् कण दिसतो, आणि मग ताऱ्यांच्या फोटोंतून त्या धुळीच्या सावल्या काढून टाकता येतात. आकाश त्यासाठी जेमतेम दहा मिनिटं देतं. ज्याची रात्र, त्याने आपले फ्लॅट आपण काढायचे हा नियम. हा गडी मात्र कुणी सांगो न सांगो, रोज काढायचा.

वर्षभर वाट बघून मला दुर्बिणीच्या तीन रात्री मिळाल्या. आणि तिन्ही संध्याकाळी मी मैत्रिणींबरोबर चहा पीत, गप्पा मारत बसले! धावत वर पोचेपर्यंत अंधार झालेला, आणि तो पाळी संपवून गेलेला. त्याच्याकडे फ्लॅट मागायचे तर उशीर केला हे सांगावं लागणार... लाज वाटली. मी महिन्यापूर्वी सराव म्हणून काढलेले माझेच जुने वापरून टाकले.

आणि मला ग्रह सापडला. माझ्या ताऱ्याचा प्रकाश दोन रात्री किंचित कमी झाला होता. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की असंच होतं. मी आईला फोन केला, आईने उरलेल्या जगाला. मामाने तर तिथे प्लॉट मिळेल का म्हणून विचारलं. सोमवारी सगळ्या विभागासमोर माझं भाषण ठरलं.

मी चॉकलेटं घेऊन घुमटात पळाले. त्याने माझ्या ताऱ्याच्या प्रकाशाचा आलेख हातात घेतला, बराच वेळ बघितला. चॉकलेट तसंच हातात राहिलं.

"फ्लॅट कुठल्या तारखेचे?"

मी तारीख सांगितली.

"त्यानंतर मी ती काच काढून पुसली होती," तो हळूच म्हणाला. "धूळ आता दुसरीकडे आहे. तारा रात्रभर चित्रात थोडा थोडा सरकतो... त्या सावलीवरून गेला असेल, तर—"

"तुम्ही घुमट उघडा. ग्रह मी बघते."

बोलले आणि जीभ चावली. पण शब्द सुटून गेले होते. मी तरातरा खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर एक पेनड्राइव्ह होता. त्यात तीनच फोल्डर. माझ्या तीन संध्याकाळींचे फ्लॅट. चिठ्ठी नाही, टोमणा नाही.

मी सगळी आकडेमोड नव्याने केली. आलेखातला खळगा भरून सपाट झाला. माझा ग्रह म्हणजे धुळीचा एक कण होता. मी ढसाढसा रडले, आणि रडतारडताच छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. सोमवारी भर सभेत कुणी तारीख विचारली असती तर? मला तोंड लपवायला जागा उरली नसती.

संध्याकाळी मी वर गेले.

"सॉरी," मी म्हणाले. "आणि... थँक्यू. खरंच."

"मला सांगायचं नव्हतं," तो म्हणाला. "तुम्ही इतक्या खूश होतात. सांगितल्यावर रात्रभर झोप नाही लागली."

"मग का सांगितलंत?"

"सगळ्यांसमोर तुमचा चेहरा पडलेला मला बघवला नसता."

त्या संध्याकाळचे फ्लॅट आम्ही दोघांनी मिळून काढले.

सोमवारी मी दोन्ही आलेख शेजारीशेजारी लावले आणि माझी चूक मीच सांगितली. आईने मामाला प्लॉट रद्द झाल्याचं कळवलं. गाइड मॅडम म्हणाल्या, "पुढच्या हंगामात हिला आणखी पाच रात्री द्या." त्या पाच रात्रींवर, आणि वेळेवर काढलेल्या फ्लॅटवर, माझा प्रबंध उभा राहिला. ग्रह नाही सापडला. काम मात्र खरं झालं.

छपाईला द्यायच्या आदल्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे गेले.

"ऋणनिर्देश लिहितेय. एक अडचण आहे."

"कसली?"

"वेधशाळेची माणसं पहिल्या परिच्छेदात येतात. आई, बाबा, घरची माणसं शेवटच्या. तुम्हाला... कुठे घालू?"

तो कानापर्यंत लाल झाला. घुमटाच्या फटीतून वारा येत होता, माझे केस तोंडावर उडत होते आणि मला ते बाजूला सारायचंही सुचत नव्हतं.

"शेवटच्या परिच्छेदात," तो म्हणाला, "जागा आहे?"

"ठेवलीय."

मी तिथेच जमिनीवर मांडी घातली आणि लिहिलं— 'मला गोड वाटेल ते न सांगता ज्याने खरं सांगितलं, त्याची मी आयुष्यभर ऋणी आहे.' मग लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"आयुष्यभर?" त्याने वाचून विचारलं.

"का? जास्त होतंय?"

"नाही," तो माझ्याशेजारी खाली बसत म्हणाला. "मीही तेवढा वेळ मोकळाच आहे."