अनोळखी माणूस ठेवायचा नाही

आमच्या स्वीडनमध्ये मरणाआधीच आपलं घर आवरून ठेवायची रीत आहे. मागे राहिलेल्यांना पसारा उपसावा लागू नये, म्हणून. कपाटं झाली, माळा झाला. राहिले होते संगणकातले फोटो. जानेवारीतली दुपार, पण बाहेर काळोख दाटला होता. मी आणि माझी बायको गुनिला स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसलो. नियम तिचाच: माणसं असलेले फोटो ठेवायचे, नुसती झाडं-पाणी पुसायची.

तळ्याच्या एका फोटोत, पार पलीकडच्या काठावर, पिवळा रेनकोट घातलेला कुणीतरी उभा होता.

"माणूस आहे. ठेवू?" मी विचारलं.

"ओळखीचा आहे का? नाही ना? मग पुस की! अशानं तुझं शंभरीतही आवरून व्हायचं नाही, हॉकन."

पुसला. पुढच्या फोटोत तो आमच्या होडीच्या धक्क्यावर होता. तोही पुसला. त्याच्या पुढच्यात अंगणात. हे सगळे फोटो मीच काढलेले. तेव्हा तिथं चिटपाखरूही नव्हतं. जीव नुसता घाबराघुबरा झाला होता, तरी बोट थांबेना. त्याला हाकलायचंच, या हट्टाला मी पेटलो होतो.

मग तूवाचा फोटो आला. आमची नात, झोपाळ्यावर बसलेली. त्याचा हात तिच्या खांद्यावर होता.

गुनिला खुर्ची मागे सारत म्हणाली, "आपण पुसतोय... तसा तो पुढे सरकतोय..."

"थांब, पुसलेले परत आणतो."

"कुठून आणशील? मी कचरापेटी मघाशीच रिकामी केली..."

छपरावरचा बर्फ घसरून धप्पकन खाली पडला. दोघंही दचकलो.

"हा पुसला तर सोडेल तिला?" मी विचारलं.

"पुढचा कुणाचा आहे?"

पुढचा आमचाच होता, आणि तो शेवटचा. नाताळात जावयानं काढलेला: याच टेबलाशी आम्ही दोघं कॅमेऱ्याकडे बघून हसतोय.

"आपण काय, पिकली पानं," गुनिला म्हणाली. "पुस."

मी तूवाचा फोटो पुसला आणि आमचा उघडला. टेबल, मेणबत्त्या, आम्ही दोघं. तिसरं कुणी नव्हतं. मी श्वास सोडणार, तेवढ्यात गुनिलानं माझं मनगट घट्ट धरलं.

फोटोतले आम्ही हसत नव्हतो. दोघंही मान वळवून पाठीमागच्या दाराकडे बघत होतो.

"वळू नकोस..." ती कुजबुजली. "पोरीला सोडलंय त्यानं... बास झालं."

माझ्या पाठीला गार वारा लागत होता.