छपरावरचं नववं प्रकरण

"परत आली," मुजावर म्हणाले.

शाल्मली मगदूमने कपाळावर हात मारून घेतला. भूतकाळात मजकूर पाठवणाऱ्या कालप्रेषकाच्या पडद्यावर तेच ते तांबडं वाक्य होतं: मजकूर अस्वीकृत. गेलं वर्षभर ती किशोरांसाठी कालप्रवासाची कादंबरी लिहीत होती. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट घेतलेल्या बाईने हे उद्योग करावेत? पण दुसरा इलाजच नव्हता.

"आता काय खटकलं मेल्याला?"

"मॅडम, कितीदा सांगू?" मुजावर या यंत्राचं गणित मांडणारे, वयाने मोठे, पण तेही आता वैतागले होते. "घडलेलं घडून गेलंय. यंत्र मागे तेवढाच मजकूर नेतं, ज्याने तिथलं काही बदलत नाही. तुमची कादंबरी चांगली आहे. पोरं ती वाचणार, एकमेकांना देणार, त्यातली चार वेगळ्या वाटेने जाणार. म्हणजे बदल झालाच. म्हणून यंत्र नको म्हणतं."

"म्हणजे वाईट लिहू?"

"रटाळ लिहा. कुणी पुढे वाचूच नये असं."

शाल्मली चिडली, पण तिला ते पटलं. वीस वर्षांपूर्वी नदीला महापूर आला, तेव्हा तिचे अण्णा, म्हणजे वडील मगदूम गुरुजी, शाळेच्या छपरावर चढले. वर अडकलेली पोरं त्यांनी एकेक करून होडीत उतरवली. सगळी उतरली आणि छप्पर गुरुजींना घेऊन बसलं. 'छपरावर चढू नका' एवढंच तिला त्यांना कळवायचं होतं. सरळ पाठवलेला निरोप यंत्राने पहिल्याच दिवशी परत फेकला होता.

म्हणून ही कादंबरी. अण्णा वर्गात वाटण्याआधी प्रत्येक पुस्तक स्वतः वाचत. कितीही भिकार असो, हातात घेतलेलं पुस्तक पुरं केल्याशिवाय ठेवत नसत, आणि शेवटच्या पानावर लाल पेन्सिलीने शेरा मारत. त्या काळी आलेलं काहीही छापून शाळांना फुकट वाटणारा एक प्रकाशक होता. त्याच्या संगणकात कादंबरी पोचली की झालं. इशारा नवव्या प्रकरणात होता.

मग तिने कादंबरीची वाट लावायला घेतली. नायक हुशार होता, त्याला बावळट केला. काळाच्या बोगद्यात शिरण्याआधी त्याला दात घासण्यावर दोन पानं भाषण ठोकायला लावलं. विनोद होते ते काढले, उपदेश घातला. नवव्या प्रकरणात मात्र तिचा हात आवरेना. मास्तरांनी छपरावर चढू नये, हे ती पुन्हा पुन्हा लिहीत गेली. शाळेत तिच्या प्रत्येक निबंधाखाली अण्णा लिहायचे, 'एकदा सांगितलं की पुरे.' ती खोड काही गेली नव्हती.

मुजावरांनी हस्तलिखित चाळलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. "हे फारच वाईट झालंय," ते समाधानाने म्हणाले.

पडदा हिरवा झाला. कादंबरी गेली.

शाल्मली खुर्चीत बसून राहिली. तिला रडू येत होतं आणि संतापही येत होता. "गेली म्हणजे काहीच बदललं नाही. वर्षभर मी हे असलं लिहीत बसले, ते कशासाठी?"

"कुणी वाचली नसणार," मुजावर हळू आवाजात म्हणाले.

"अण्णा पुस्तक अर्धवट सोडत नसत."

"मग त्यांच्या हातात पडलीच नसेल."

घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "दात घासण्याचं भाषण? ते पुस्तक आहे की आपल्याकडे. शेवटच्या आठवड्यात तुझे अण्णा तेच वाचत होते. तुलाही दिलं होतं. तू पंचवीस पानांत फेकलंस, म्हणालीस, हे कुणी लिहिलं त्याला आधी शाळेत घाला."

ट्रंकेच्या तळाशी ते सापडलं. प्रकाशकाने कादंबरीचं नाव बदललं होतं आणि लेखक म्हणून स्वतःच्या मेहुण्याला चिकटवलं होतं. आतली वाक्यं मात्र तिचीच. नववं प्रकरण वाचून वाचून मऊ पडलं होतं, पानांचे कोपरे दुमडलेले होते.

ती खाली जमिनीवर बसली आणि शेवटचं पान उघडलं. लाल पेन्सिल फिकट झाली होती, तरी अक्षर लागत होतं.

'नायक बावळट. उपदेश फार. दहापैकी चार. छपरावर चढू नका हे सात वेळा लिहिलंस. एकदा सांगितलं की पुरे, शाल्मली. पोरं वर असली तर चढावं लागेल.'