दगडाखालचा डबा

"काय शोधताय?" ब्लांकाने विचारलं, आणि झाडाच्या खुंटापाशी वाकलेला तो तरुण दचकून उभा राहिला.

"अळंबी," तो म्हणाला. "म्हणजे... अळंबीच."

ब्लांकाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. टोपली नाही, चाकू नाही, पायांत पांढरेशुभ्र शहरी बूट. चेक देशातल्या विसोचिनाच्या डोंगरात टोपलीशिवाय अळंबी वेचणारा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. भुरभुर पावसाने त्याच्या पापण्या ओल्या झाल्या होत्या, आणि कान लालबुंद. बिचाऱ्याला खोटं बोलायची सवय नसावी.

"मिळाली का मग?"

"एक." त्याने खिशातून काढून दाखवली.

"ही कडू असते. एक पडली तरी अख्खं सूप फेकावं लागतं. आणि डाव्या मुठीत काय आहे, दुसरी अळंबी?"

त्याने मूठ उघडली. आत बोटभर प्लॅस्टिकची नळी होती. ती पाहिली मात्र, ब्लांकाचा पारा चढला.

या नळीने तिच्या घरातला आनंद घालवला होता. जिओकॅशिंगचा, म्हणजे लपवलेला डबा अक्षांश-रेखांशांवरून शोधून काढायचा, खेळ नवा होता तेव्हा तिच्या बाबांनी, बोहुमिलने, लष्करी पत्र्याचा एक डबा या डोंगरात लपवला आणि त्याचे अक्षांश-रेखांश खेळाच्या संकेतस्थळावर टाकले. तेव्हाची माणसं विटेएवढं जीपीएस यंत्र हातात धरून अर्धा दिवस चालत यायची. डब्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, आणि घरी जाऊन वाटेतल्या हरणापासून ओल्या मोज्यांपर्यंत सगळं संकेतस्थळावर लिहायची. बाबा ते जेवताना मोठ्याने वाचून दाखवत. गुडघे धरल्यापासून तर त्यांचा तेवढाच विरंगुळा उरला होता.

आता लोक फोन घेऊन येत, रस्त्याकडेच्या खांबांमागे ठेवलेल्या नळ्या दिवसाला शंभर-शंभर शोधत आणि 'सापडला, आभार' एवढं लिहून मोकळे होत. त्यात साल पोखरणाऱ्या किड्याने डोंगरावरचे स्प्रूस वृक्ष खाल्ले, आणि वनखात्याने ते कापून नेले. 'तिसऱ्या स्प्रूसजवळचा दगड' ही बाबांची खूण झाडासकट गेली. मग कुणा उदार माणसाने डबा चोरीला गेला असं समजून खुंटापाशी स्वतःची नळी ठेवली. तेव्हापासून सगळे तिच्यातल्या कागदावरच सही करून परतत. वैतागून बाबांनी डबा या रविवारी कायमचा बंद करायचं ठरवलं होतं.

"ती नळी काढून टाकायला आले होते मी," ब्लांका म्हणाली. "तुमच्या हातात कशी आली?"

"मीच ठेवलीय," तो अगदी हळू म्हणाला. "आतला कागद भिजला असेल, म्हणून बदलायला आलो... ब्रनोहून. मालकाला तेवढीच मदत."

"मालक माझे बाबा आहेत. तुमच्या मदतीपायी रविवारी डबा बंद करतायत ते."

त्याचा चेहरा पडला. "डबा आहे अजून?"

ब्लांकाने त्याची बाही धरून त्याला दगडापाशी नेलं. दगडाखाली, पालापाचोळ्याआड, डबा होता तसाच होता. हिनेक, हे त्याचं नाव, हजारो नळ्या शोधून बसला होता, पण उघडल्यावर आत काही असावं अशी पेटी त्याने कधी उघडलीच नव्हती. खेळण्यातला ट्रॅक्टर, काचेची गोटी, कुणाचं तरी पदक... एकेक वस्तू हातात घेऊन तो विचारत राहिला आणि ती सांगत राहिली. पाऊस वाढला, तशी दोघं दगडाच्या आडोशाला सरकली. खांद्याला खांदा लागला. कुणीच दूर झालं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना बाबा बऱ्याच महिन्यांनी वाचायला बसले. हिनेकने लांबलचक लिहिलं होतं. आपली चूक, खुंट, अळंबीची थाप, सगळं. शेवटी होतं, 'हिरव्या रेनकोटातल्या मुलीने माझी चांगली लाज काढली. इतका आनंद मला या खेळात कधी झाला नव्हता.'

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझा रेनकोट कोणत्या रंगाचा गं?"

"बाबा, सूप गार होतंय," ब्लांका म्हणाली, आणि तिला स्वतःलाच हसू आवरेना.

रविवारी हिनेक खसखशीचा केक घेऊन दारात हजर झाला. डबा बंद करू नका, मी सांभाळतो, अशी गळ त्याने बाबांना घातली. बाबांनी केकचे दोन तुकडे खाल्ले आणि मग नकारार्थी मान हलवली. डबा हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याच्याच हाती द्यायचा, अशी जुन्या खेळाडूंची रीत होती. ब्रनो पडलं लांब.

"मग मी जवळ येतो," हिनेक म्हणाला. "इथून जवळच, यिह्लावात, काम मिळतंय. कालच विचारून ठेवलंय."

बाबांनी संगणक उघडला आणि डबा हिनेकच्या नावावर करून टाकला. ब्लांकाला त्यांच्या गळ्यातच पडावंसं वाटलं.

ती हिनेकला बसथांब्यापर्यंत सोडायला गेली. थांब्यावर पोचल्यावर तिने विचारलं,

"एका डब्यासाठी गाव बदलतोस? वेडा आहेस का तू?"

"डब्यासाठी महिन्यातून एकदा आलो असतो."

"मग?" तिला कळलं होतं, पण ऐकायचं होतं.

"तुझ्यासाठी येतोय, ब्लांका. मला तू आवडतेस... फार."

वळणावर बस दिसली. हिनेकने पिशवी उचलली. ब्लांकाने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"ही बस जाऊ दे," ती म्हणाली.

बस थांबली, क्षणभर दार उघडं राहिलं, आणि निघून गेली.

"पुढची कधी आहे?" हिनेकने विचारलं.

"उद्या," ब्लांका म्हणाली, आणि त्याची पिशवी घेऊन घराकडे चालू लागली.