भिंतीपलीकडचा कूलर

मयुराच्या थोरल्या बहिणीचं, सोनिकाचं लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. मांडव उतरला, पाहुणे पांगले, आईवडील पुन्हा दुकानात जायला लागले, आणि नंदनवन वस्तीतल्या त्या घरात दुपारची मयुरा एकटी उरली. एप्रिल तापला होता. गल्लीत कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं.

अशाच एका चूप दुपारी तिला पलीकडच्या बंद घरात कूलर ऐकू आला. आधी घरघर... मग भिंतीवरून टिप... टिप...

ते घर प्रयागबाईंचं. म्हातारी दिवाळीनंतर अंथरुणाला खिळली आणि मुलाने तिला सावनेरला नेलं. भिंतीच्या अलीकडे, मयुराच्या अंगणातल्या सावलीत म्हातारीनेच लावलेली झाडं होती. फर्न, बिगोनिया, पीस लिली. जाताना ती म्हणाली होती, "जीव लावजो वं पोरी. लिलीले फूल आलं का मले फोटो धाडजो."

आता ती झाडं मरत होती. ऊन तिथे कधी पोचलं नाही, तरी पानांच्या कडा विस्तवाने चाटल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या. म्हातारी फार दिवसांची नाही असं ऐकू येत होतं. फूल दाखवायचं राहून जाईल, ही धास्ती मयुराला झोपू देत नव्हती.

ती स्टुलावर चढून भिंतीपलीकडे डोकावली.

"काय शोधून राहिल्या?"

ती पडतापडता वाचली. पलीकडच्या दारात किल्ल्यांचा जुडगा घेतलेला एक तरुण उभा होता. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. डोळे मात्र हसत होते.

"तुमचा कूलर बंद करा. माझी झाडं मरून राहिली."

"भिंतीवर चढून हुकूम?" त्याने दुपट्टा सोडला. "मी रजत. प्रयागबाईचा नातू. घर विकायचं आहे, गिऱ्हाईक येणार होतं. आणि कूलर चालणार कसा? लाइन तर केव्हाची कापली."

"मग हे काय ऐकू येऊन राहिलं?"

दोघांनी कान टवकारले. टिप... टिप...

रजतने खिडकीशी जाऊन पाहिलं. टाकी कोरडी होती, वाळ्याच्या ताटीला कोळ्याचं जाळं. त्याने कूलरच्या पत्र्याला हात लावला आणि झटक्याने मागे घेतला. एप्रिलच्या दुपारी तो पत्रा बर्फासारखा गार होता.

मग तो अलीकडे आला. लिलीखालची माती ओली होती, वर पांढरी पापडी. त्याने बोट लावून जिभेवर ठेवलं.

"माती काहून खाऊन राहिले?"

"खारट आहे. कूलरचं उरलेलं पाणी. बोअरचं पाणी उडून जातं, खार तेवढा मागे राहतो. बेसा भागातल्या माझ्या फ्लॅटवर मी अशीच झाडं मारली. आजीनं सांगितलं होतं, ते पाणी फेकू नको, झाडायले घाल."

"आजी रोज दुपारी घालत," मयुरा हळू आवाजात म्हणाली. "तांब्यानं... या भिंतीवरून. पण मागून नळ सोडत. खार धुवून जाई."

वारा नव्हता, तरी फर्नचं एक पान हललं.

त्यानंतर रजत वरचेवर येऊ लागला. तो नळी धरायचा, मयुरा जळकी पानं कापायची. पाणी हळूहळू सोडायचं, खार खाली जाऊ द्यायचा. वरून टिपटिप सुरूच असे.

"गिऱ्हाईक नाही आलं?"

"सांगून टाकलं त्यांना, घरात भूत आहे म्हणून."

"खोटं बोलता?"

"खोटं आहे का?"

एकदा त्याने सावनेरला, आपल्या आईला, शोभाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आता बोलणं बंद झालं रे त्यांचं. पण दुपारी उजवा हात हलतो. तांब्या कलता करावा तसा."

मयुराने भिंतीकडे पाहिलं. तिने फोन मागितला. "काकू, आजीच्या कानाशी धरा... आजी, मी मयुरा. झाडायले पाणी भेटून राहिलं. तुम्ही आता आराम करा."

पलीकडून शोभाताईंचा आवाज आला, "हात थांबला वं."

भिंतीवरची टिपटिपही थांबली.

मे सरताना लिलीला फूल आलं. पांढरं, ओंजळीसारखं. मयुराने फोटो धाडला. रजत तिच्या शेजारीच उकिडवा बसला होता.

"घर विकू नये म्हणतो मी," तो म्हणाला. "इथंच राहावं. मग ही मधली भिंत पाडता येईल."

"काहून गा?"

"झाडायले हवा पाहिजे न."

"झाडायलेच?"

"नाही... मले. तू पाहिजे."

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि वरून, कोरड्या भिंतीवरून, एक थेंब तिच्या हातावर पडला. टिप. तिने तो जिभेला लावला. पाणी गोड होतं. तिने ओला हात त्याच्या हातात दिला.

तेव्हाच फोन वाजला. शोभाताईंचा होता. त्यांनी फोटो आजीच्या डोळ्यांसमोर धरला होता, आजीने तो पाहिला होता.

प्रयागबाई त्याच दुपारी, मंगळवारी, तीस मे दोन हजार तेवीस रोजी, सावनेरला वारल्या.